आयुक्तांचं प्रगतिपुस्तक

राज्याचा शिक्षण आयुक्त नेमायचा आणि सहा महिन्यांनी त्याचं काम तपासून त्याला कायम करायचं, हे आमच्या मंडळाचं काम. मंडळात सभासद सात आणि डोकं चालवायला एकटी मी, मुख्य लिपिक. यंदा तपासणीचे छापील फॉर्म संपले, तर अध्यक्षांनी चक्क शाळेचं प्रगतिपुस्तक वापरायला काढलं. मी म्हटलं, हे बरं दिसत नाही. पण माझं ऐकतंय कोण?

आयुक्तांना सगळीकडे चांगले शेरे मिळाले, फक्त वक्तशीरपणात ‘क’. खाली रकाना होता, पालकाची सही. तो कोरा सोडण्याची सोय नव्हती, कारण एकही रकाना रिकामा असलेला कागद स्वीकारू नये, असं परिपत्रक खुद्द आयुक्तांनीच काढलेलं. शुक्रवारी बारापर्यंत सही आली नाही, तर साहेबांची नोकरी गेली.

त्यांची आई निवृत्त मुख्याध्यापिका. सोमवारी साहेब तोंड पाडून माझ्या टेबलाशी आले.

"आई सही करत नाही हो. म्हणते, आधी वेळेवर जाऊन दाखव."

मंगळवारपासून हा बावन्न वर्षांचा माणूस रोज शिपायाच्याही आधी दारात उभा. मला हसू आवरेना आणि कीवही येई.

शुक्रवारी पुस्तक मंडळापुढे आलं. सही होती, चांगली वळणदार. अध्यक्षांनी शिक्का उचलला, तसे साहेब उठून उभे राहिले.

"ही सही आईची नाही. मीच केली आहे."

अध्यक्षांचा शिक्का हातातच राहिला. एवढ्यात बाहेरून हे ऐकतच दार ढकलून त्यांची आई आत आली, पाठोपाठ तिला अडवणारा शिपाई.

"सकाळी सही करायला बसले, तर ह्याच्या दप्तरात पुस्तकच नाही," ती म्हणाली. मग तिने ती वळणदार सही पाहिली आणि चष्म्यावरून लेकाकडे बघितलं. "तिसरीतही केली होतीस. कबूल करायला आठ दिवस लावलेस. आज किती लागले?"

साहेब भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले.

"दोन मिनिटं, बाई," मीच सांगितलं.

तिने माझं पेन घेतलं, ती सही खोडली आणि खाली आपली केली. बाराला पाच कमी होते. अध्यक्षांनी पुस्तक घ्यायला हात पुढे केला, पण तिने ते सोडलं नाही. सहीशेजारी शेऱ्याची जागा शोधून तिने सावकाश लिहिलं, ‘प्रगती आहे.’