वाळू लागली, किनारा नाही

मित्रांनो, मी एक जुनी, सपाट बुडाची होडी आहे. बंदरामागच्या चिखलात एका कुशीवर कलून पडले आहे. इतर होड्यांना टोकदार नाक असतं, मला लोखंडी दार आहे. साखळी सोडली की ते पुढे पडतं आणि सैनिक त्यावरून धावत किनाऱ्यावर उतरतात. लढाईची घाई होती, म्हणून सुतारांनी मला अकरा दिवसांत उभं केलं. माझ्या फळ्या धड वाळल्याही नव्हत्या.

त्या पहाटे माझ्यात तीस सैनिक दाटीवाटीने उभे होते. पाठीवर ओझी, अंगावर खारं पाणी. कितीतरी जण ओकत होते. दाराशी उभा असलेला ढब्बू नावाचा जाडा शिपाई ओरडला, "तांडेल, जरा दमानं घ्या! सासुरवाडीला नाही निघालो आपण!" चार माणसं हसली. सुकाणूवरचा तांडेल हसला नाही. लढाईआधी तो मासेमारी करायचा, त्याचे डोळे पाण्यावरच होते.

उजाडता उजाडता माझं बूड वाळूला घासलं आणि मी थांबले. समोरून गोळ्या दारावर ताशासारख्या वाजू लागल्या.

"दार पाडा!" तुकडीचा लेफ्टनंट ओरडला.

तांडेल म्हणाला, "साहेब, हा किनारा नाही. मधला वाळूचा उंचवटा आहे. पुढे दोन पुरुष खोल पाणी असेल."

"इथे थांबलो तर सगळे मरू! पाड म्हणतो ना!"

तांडेलाने साखळी सोडली. हुकूमच होता तो.

पहिल्या रांगेतले सहाजण धावले आणि दिसेनासे झाले. ओरडलेसुद्धा नाहीत. ओझ्यांनी त्यांना सरळ तळाला नेलं. ढब्बूची टोपी तेवढी वर आली.

दुसरी रांग पाय उचलत होती. तांडेल गरजला, "मागे व्हा! कोणी हलायचं नाही!" या वेळी त्याने हुकमाची वाट पाहिली नाही. दार ओढून घेतलं, मला मागे नेलं आणि पुढच्या मोठ्या लाटेवर बसवून उंचवट्यापलीकडे काढलं. मग खरा किनारा लागला. पाणी गुडघाभर होतं.

चोवीसजण उतरले. लेफ्टनंट शेवटी राहिला. "तांडेल, तुमचं ऐकायला हवं होतं," एवढं बोलून तो धावला. वाळूवर वीसेक पावलं गेला असेल. पुन्हा उठला नाही.

परतताना तांडेलाने त्या उंचवट्यापाशी मला दोनदा फिरवलं. हाताला कोणी लागलं नाही.

तो किनारा आपण जिंकला. माझं कौतुक झालं, हार घातले. नंतर मी रेती वाहिली, बूड फुटलं आणि इथे आले. बऱ्याच वर्षांनी तांडेल आपल्या लेकीला घेऊन मला बघायला आला.

"बाबा, हिच्यातून किती जण गेले होते?"

"तीस."

"आणि परत किती आले?"

तो माझ्या दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वारा सुटलाय बाळ, स्वेटर घाल."

मित्रांनो, मला रंग दिला नाहीत तरी माझी तक्रार नाही. लाकूड आहे, कुजायचंच. पण तुमच्या घरात, शेजारी असा कोणी बोलता बोलता गप्प होणारा माणूस असेल, तर त्याने लढाईच्या गोष्टी सांगाव्यात असा हट्ट धरू नका. नुसते त्याच्याजवळ बसा. तो उठून जाईपर्यंत बसा.