पोलादबाबांच्या जुळणाऱ्या पट्ट्या

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर पोलादबाबांनी आरशासारख्या लखलखीत दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवल्या, फिरवल्या आणि खालचा हात काढून घेतला. खालची पट्टी वरचीला तशीच लटकून राहिली.

“ना गोंद, ना चुंबक! रोग सुटला की पोलाद जुळतं. आता औषध घेणं म्हणजे अविश्वास!”

बाबांच्या जिभेला हाड नव्हतं. ज्या रोग्याच्या नावानं जोडलेल्या पट्ट्या सुटून पडत, त्यानं आणखी सात खेपा घालायच्या.

कारखान्यात मापं तपासणारे गेजमास्तर मागच्या रांगेत बसले होते. बायको जाऊन चार महिने झाले होते आणि तेव्हापासून त्यांना कशाचंच काही वाटत नसे. शेजारी धाकटी बहीण होती, तिच्या पर्समध्ये मधुमेहाचं इंजेक्शन. पट्ट्या जुळल्या की ती ते सोडणार होती.

“वहिनीच्याही जुळल्या होत्या, दादा.”

“कधी?”

“गेल्या वर्षी. तुला सांगू नको म्हणाली. तू हसशील म्हणून.”

बायकोच्या कपाटात सापडलेली रक्तदाबाच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं मास्तरांना आठवली. रडू आलं नाही. ते उठले आणि सरळ मंचावर गेले.

“बाबा, कारखान्यात मापं तपासायला आम्ही अशाच पट्ट्या जोडतो. तीस वर्षं जोडल्या.” त्यांनी रुमालानं पट्ट्या पुसल्या, सरकवून फिरवल्या. जुळल्या. “माझा कोणता रोग सुटला?”

मग ते लोकांकडे वळले.

“दोन वस्तू अगदी जवळ आल्या की त्यांचे अणू एकमेकांना ओढतात. विजेचा भार लागत नाही, चुंबक लागत नाही. ओलाव्याचा पुसटसा थर असला तर पकड आणखी बसते. पण जवळ म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाइतकं जवळ! मध्ये धूळ आली की संपलं. बाबा, अंगठा दाखवा.”

अंगठ्यावर पांढरी पावडर होती. ज्याला पुन्हा बोलवायचं, त्याच्या पट्टीवरून तो अंगठा फिरत असे. लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायला एवढीशी पुरली होती.

“दादा, हे घरी कधी बोलला नाहीस?” बहिणीनं खालूनच विचारलं.

“कामाचं घरी काय सांगायचं, असं वाटायचं.” मास्तरांचा आवाज हलला नाही. “सांगितलं असतं तर ती इथे हसली असती आणि गोळी घेऊन झोपली असती. मंडळी, तुम्हाला जे ठाऊक आहे ते घरी सांगा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका.”

त्यांनी पट्ट्या सोडवून टेबलावर ठेवल्या आणि घड्याळ पाहिलं.

“चल,” ते बहिणीला म्हणाले, “तुझ्या इंजेक्शनची वेळ झाली.”