रंगाखालचा तडा

मी एक जुना क्लॅम्प आहे, आणि मित्रांनो, मला आज मुळीच वेळ नाही. खरं तर आपली कहाणी शांतपणे, घसा साफ करून सांगावी. पण माझा जीव टांगणीला लागला आहे. तुम्ही म्हणाल, टांगून राहणं हाच तुझा धंदा, मग तक्रार कसली? तक्रार आहे. ऐका.

विजेवर चालणाऱ्या रेल्वेच्या रुळांवर तुम्ही कधी मान वर करून पाहिलं असेल, तर एकावर एक अशा दोन तारा दिसल्या असतील. इंजिनाच्या डोक्यावरचा दांडा खालच्या तारेला घासत जातो आणि वीज घेतो. खालची तार वरच्या तारेला टांगलेली असते, आणि वरची तार माझ्या मुठीत असते. मी स्वतः खांबातून बाहेर आलेल्या आडव्या दांड्याला एका कानाने लटकतो. होय, मला एकच कान आहे. त्या कानाला तडा गेला आहे, तो कधीही तुटेल, आणि सकाळची गाडी यायची वेळ होत आली आहे. ती गाडी चालवणारा माणूस कोण आहे हे मला माहीत आहे. म्हणून तर माझा असा थरकाप उडाला आहे.

लवकर लवकर सांगतो. माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. लालभडक रस साच्यात पडला, थंड झाला, कडांवर कानस फिरली. एका कामगाराने मला तळहातावर उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हटलं, "हा चांगला उतरलाय, जाऊ दे पुढे." मग खोक्यात भावंडांबरोबर खडखडत मी इथे आलो. स्टेशन सोडलं की रूळ जिथे डावीकडे वळतात, तिथल्या खांबावर मला चढवलं. सरळ वाटेवरच्या क्लॅम्पचं काय, नुसतं लोंबायचं. वळणावर तार सारखी एका बाजूला ओढत असते. म्हणून इथला क्लॅम्प अंगाने जाड असतो आणि मापाने मोठा. मला त्याचा गर्व होता. का नसावा?

मित्रांनो, मी कामचुकारपणा कधी केला नाही. ही तार उन्हात लांबते आणि थंडीत आखडते, तिचे सगळे नखरे मी सोसले. एकदा एका कावळिणीने माझ्या शेजारी घरटं बांधायला घेतलं, तेही लोखंडी तारांच्या तुकड्यांचं! विजेजवळ लोखंड आणू नये हे तिला कोण सांगणार? माणसांनी येऊन घरटं हलवलं म्हणून अनर्थ टळला, पण बाईसाहेबांनी जाताना चोच मारली ती मलाच. चोराला सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तारेच्या गँगचा मुकादम मात्र खालून जाताना कौतुकाने बघायचा आणि म्हणायचा, "वळणावरच्या गड्याची काळजी नाही आपल्याला."

काळजी नाही म्हणता म्हणता वर्षं गेली. माझी काळजी करणारं एकच माणूस होतं, ती वहिनी. तिचा नवरा पूर्वी याच गँगमध्ये होता, नंतर इंजिन चालवायला लागला. त्याच्या मित्रांनी तिला वहिनी म्हणायला सुरुवात केली, आणि ती स्वतः गँगमध्ये कामाला लागली तरी वहिनीच राहिली. हातात पाना, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि तोंड अखंड चालू. तारेशीसुद्धा भांडायची. "सरळ राहा गं बये, नवरा जातो माझा खालून," असं म्हणायची. रोज सकाळची गाडी तोच नेतो.

एक दिवस वीज बंद करून गँग इथे आली. वहिनी शिडीगाडीच्या फळीवर उभी राहिली, तिने माझ्या कानावरून अंगठा फिरवला आणि थांबली.

"मुकादम, याला तडा गेलाय."

"बदला मग."

"या मापाचा नाहीये गाडीत. सरळ वाटेवरचे आहेत सगळे."

"वहिनी, आटपा! वीज परत द्यायची वेळ झाली. गाड्या खोळंबल्यात."

तिने तांब्याच्या तारेचे वेढे देऊन माझा कान वरच्या दांड्याशी करकचून बांधला. मग ओढणीची लाल पट्टी फाडून माझ्या गळ्यात गाठ मारली. मित्रांनो, ही या गँगची जुनी रीत आहे. तात्पुरतं काम केलं की तिथे लाल फडकं बांधायचं, म्हणजे खालून जाणाऱ्या कुणालाही कळतं की इथलं काम राहिलं आहे. काम पुरं झालं की फडकं काढायचं. लाल दिसलं की बाकी, लाल नाही दिसलं की झालं. साहेबांना असली फडकी डोळ्यांसमोर नको असतात, पण गँगचा त्यांच्यावर आंधळा विश्वास.

"उद्या नवीन घेऊन येते हं," वहिनी मला म्हणाली. "तोवर धरून ठेव, राजा."

राजा! मला आजवर कुणी राजा म्हटलं नव्हतं. मी धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वीज बंद करायला परवानगी मिळाली नाही. त्यानंतर वहिनीच येईना. मग खाली बोलणं ऐकलं. आयुष्यभर शिड्यांवर चढली आणि घरच्या मोरीत पाय घसरून पडली, हात प्लॅस्टरमध्ये. मुकादम हसत होता, पण वाईट वाटून हसत होता. म्हणाला, "फोनवरसुद्धा माझ्या मागे लागली होती, वळणावरचं लाल राहिलंय म्हणून. बघतो म्हटलं." आणि तो खरंच बघणार होता, मी त्याच्यावर आळ घेणार नाही. पण तेवढ्यात मोठे साहेब पाहणीला येणार अशी वर्दी आली आणि सगळ्यांची पळापळ सुरू झाली.

कंत्राटदाराची रंगाची माणसं आली. वीज बंद करवून, फवारा मारायचं यंत्र घेऊन आली. त्यांना गँगची रीत काय ठाऊक! त्यांनी खांब रंगवला, दांडा रंगवला, मला रंगवलं, वहिनीचे तांब्याचे वेढे रंगवले आणि, अहो, ते लाल फडकंसुद्धा रंगवलं! सगळं चंदेरी झालं. फडकं माझ्या अंगाला चिकटून असं वाळलं की माझाच एखादा भाग वाटावं. मी आतून ओरडत होतो, पण ओतीव लोखंडाचं ओरडणं कोण ऐकतं?

साहेब आले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वा! हा खांब बघा कसा चमकतोय. सगळे असेच करा." माझा फोटो काढला. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसाने माझं कौतुक केलं, आणि ते मी मरायला टेकलो असताना. वरून कीर्तन, आतून तमाशा.

मुकादमाने वर पाहिलं. लाल दिसलं नाही. "बरं झालं, नानाच्या पाळीने बदलला," असं म्हणून त्याने सुस्कारा सोडला. दुपारच्या पाळीचा नाना गेला, त्यानेही वर पाहिलं. "मुकादमाने उरकलं वाटतं," म्हणाला. एकाही माणसाने हयगय केली नाही हो. सगळ्यांनी वर पाहिलं, सगळे निश्चिंत झाले.

आणि मग सगळ्यात वाईट दिवस आला. एक गाडी सिग्नलला अडून बरोबर माझ्याखाली उभी राहिली. खिडकीत वहिनी होती, हाताचं प्लॅस्टर काढून आलेली. शेजारी तिचा नवरा. ती मान बाहेर काढून माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, सुटलो. हिला तरी कळेल.

"काय बघतेस एवढं?" नवऱ्याने विचारलं.

"माझं फडकं. नाहीये. झालं बाई एकदाचं."

"मग आता मला रोज 'वळणावर सावकाश जा' म्हणून पिडणार नाहीस ना?"

"नाही हो. जा खुशाल."

गाडी हलली. मित्रांनो, तेव्हा मी मनातल्या मनात ढसाढसा रडलो. जा खुशाल म्हणाली! तिच्या मायेनेच त्याला माझ्याखाली पाठवलं. त्यानंतर तो वळणावर वेग कमी करेनासा झाला. तो गेला की तार थरथरते, आणि माझ्या कानातला तडा आणखी पुढे सरकतो. तांब्याचे वेढे एकेक करून तुटले. काल दोन शिल्लक होते. आज एक आहे.

थांबा. खाली कुणीतरी आलंय.

वहिनी आहे! पिवळं हेल्मेट घालून आली आहे, म्हणजे आज कामावर रुजू झाली. मुकादम बरोबर आहे, दोघं रुळांच्या कडेने पाहणी करत चालले आहेत. ती माझ्याखाली थांबली. बघ, बाई, नीट बघ!

"छान दिसतोय," ती म्हणते. "नवा कुणी बसवला? माप मिळालं कुठे?"

"नानाच्या पाळीने."

"नानांनी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायचं काय त्यात? फडकं नाहीये ना."

"तरी पण. माझं बांधलेलं होतं. कुणी सोडलं तेवढं कळू दे."

"वहिनी, तुमचं म्हणजे ना, भिंतीलासुद्धा साक्षीदार मागाल तुम्ही." मुकादम कुरकुरत फोन लावतो. नानाचा आवाज मोठा आहे, मला इथवर ऐकू येतो.

"वळणावरचा? आम्ही? आम्ही नाही बदलला. आम्हाला वाटलं तुम्हीच."

 रूळ गुणगुणू लागले आहेत. गाडी स्टेशनातून सुटली. मुकादम वीज सोडणाऱ्या कचेरीला फोन लावून ओरडतो आहे, "वळणावरची वीज बंद करा! आत्ता! नाव काय विचारताय, बंद करा आधी!" आणि वहिनी पळते आहे, गाडीच्या दिशेने, खडीवरून ठेचकाळत. पळता पळता तिने दोन्ही हात डोक्यावर उचलले. रेल्वेत याचा अर्थ एकच, थांब. दुखरा हात कोपराच्या वर जात नाही. तिने दुसऱ्या हाताने तो मनगटाला धरून वर ओढला आहे आणि ती नवऱ्याच्या नावाने किंचाळते आहे.

मला दिसतंय इंजिन. ते अजून जोरात आहे. माझा शेवटचा वेढा तटकन तुटला. आता फक्त कान. देवा, एवढी एक वेळ! मी कानाने धरलंय, मुठीने धरलंय, सगळा जीव एका बोटभर लोखंडात गोळा करून धरलंय. ब्रेक किंचाळतायत. गाडी सरकतेय, सरकतेय. वहिनी बाजूला हो गं!

थांबली.

इंजिन माझ्यापासून एक खांब अलीकडे थांबलं. तारेतली गुणगुण अजून चालू आहे, म्हणजे वीज आहे. आत्ता सोडलं तर ही तार जिथे पडेल तिथे जाळेल. मुकादम खालीच उभा आहे. धरतो. अजून धरतो. फोनवर कुणीतरी काहीतरी म्हणतंय. आणि गुणगुण थांबली.

"मुकादम, तिथून निघा!" वहिनी ओरडली. तो मागे पळाला.

मग, मित्रांनो, मी सोडलं.

आता मी खडीवर दोन तुकड्यांत पडलो आहे. तार माझ्याशेजारी वेटोळं घालून पडली आहे. "कुणी हात लावू नका, तारेत वीज उरलेली असते, दोन्ही बाजूंनी जमिनीला जोडा आधी," वहिनी सगळ्यांना बजावते आहे. ते झाल्यावर तिने मला उचललं. रंगाचा पोपडा नखाने काढला, आत लाल दिसलं, तेव्हा ती तिथेच खाली बसली. नवरा इंजिनातून उतरून धावत आला.

"अगं, काय झालं? गाडीला उशीर होतोय."

तिने सगळ्या गँगसमोर त्याचा शर्ट घट्ट धरला. "होऊ दे," म्हणाली. 

मुकादम बाजूला उभा राहून डोळे पुसतो आहे आणि धूळ गेली म्हणतो आहे.

माझं आता भंगार होणार, त्याचं मला दुःख नाही. जाता जाता तुम्हाला हात जोडून एवढंच सांगतो, मला हात नाहीत तरी. ज्याच्यावर कुणाचा तरी जीव टांगलेला आहे, अशा कामाबद्दल कुणी "झालं" म्हणालं, तर विचारा, "कुणी केलं?" समोरचा हसेल, चिडेल, तुम्हाला संशयी म्हणेल. विचारा. आणि जोपर्यंत एक माणूस छातीवर हात ठेवून "मी केलं" म्हणत नाही, तोपर्यंत आपल्या माणसाला "जा खुशाल" म्हणू नका.