नवव्या कागदावरचा हात

तीस वर्षं मी सिनेमाच्या जाहिराती रंगवल्या, भिंतीएवढे चेहरे. माझ्या एकाही नायकाला कधी बोट कमी पडलं नाही, की कुणाचा खांदा निखळल्यासारखा दिसला नाही. त्यामुळे धाकट्या लेकीच्या टेबलावरचा नववा कागद पाहून माझं डोकंच फिरलं. तलवार चालवणाऱ्या बाईचा हात दोरीसारखा ताणलेला, बोटं तीन आणि चेहऱ्याच्या जागी नुसता फराटा.

तीन वाजेपर्यंत तिला सगळं पाठवायचं होतं. अॅनिमेशनच्या स्टुडिओची परीक्षा होती: तलवारीचा एक वार, अठरा चित्रं. गेल्या वर्षी ती नापास झाली होती आणि दोनदाच बसू देतात. आठ दिवस पोरीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, घाईत चुकली असेल, असं मला वाटलं. ती अंघोळीला गेली आणि मी खोडरबर उचललं. पाच बोटं, नाक, डोळे, सगळं जिथल्या तिथे केलं आणि स्वतःवर खूश होऊन चहा टाकला.

तिने कागदांचे फोटो काढून संगणकावर चालवले. बाई हात उचलते आणि ऐन वारात अडखळते, दुखऱ्या खांद्याने माळ्यावरचा डबा काढावा तशी.

"नववा कुणी बदलला?"

मी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

"बाबा!"

"अगं, तीनच बोटं होती!"

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मुकाट्याने एक जपानी सिनेमा लावला. कार्टून म्हणून मी नाक मुरडायचो त्यातलाच, पण मोठ्यांसाठीचा, मारामारीचा. एक गल्ली, गंजलेले पाइप, भिंतीवर हिरवट उजेड. ती भिंतीची ओल ज्याने रंगवली त्याला मी मनातल्या मनात हात जोडले. दोन माणसं समोरासमोर उभी. कितीतरी वेळ काही हलत नाही, फक्त एकाच्या बाहीची कड. मग काय झालं ते कळायच्या आत भिंतीवर रक्त.

तिने मागे नेऊन एकेक चित्र थांबवलं. माणूस नव्हताच तिथे. एक काळा पट्टा, दोन पांढऱ्या रेघा आणि हात इतका लांबलेला, की माझ्या उस्तादांनी त्यापायी माझ्या कानाखाली जाळ काढला असता.

"हे डोळ्याला दिसत नाही," ती म्हणाली. "पण नसलं की लगेच कळतं."

अडीच वाजून गेले होते.

"मी काढून देऊ?"

"तुमच्याने नाही व्हायचं ते."

खरंच होतं. तिने कोरा कागद घेतला. तिची रेघ खांद्यापासून निघाली ती मनगटापर्यंत थांबलीच नाही. इतकी चुकीची रेघ इतक्या बिनचूकपणे मला जन्मात जमली नसती. मला पोटच्या पोरीचा हेवा वाटला आणि तो लपवावासाही वाटला नाही.

तिने पुन्हा चालवलं. बाईने हात उचलला आणि मी खुर्चीसकट मागे सरकलो. पोरगी पडद्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"झालं," ती म्हणाली आणि पाठवून मोकळी झाली.