दुर्बिणीवरची हळद

खंडेनवमीला आमच्याकडे देवीपुढे ह्यांचा लॅपटॉप, माझं शिवणयंत्र आणि विळी मांडली जाते. या वर्षी त्या रांगेत आमच्या मुलीची रायफल आली, आणि ती मांडायला मीच सांगितलं.

इरावती आमची एकुलती एक. इथे परदेशात, न्यू लिनच्या याच घरात लहानाची मोठी झाली, युनिव्हर्सिटीत पर्यावरण शिकली आणि गेल्या वर्षी रानबकऱ्या कमी करणाऱ्या एका कंपनीत लागली. कमी करणाऱ्या म्हणजे मारणाऱ्या. बकऱ्या कोवळी रोपं खातात, जंगल पुन्हा उगवत नाही, पक्ष्यांना आसरा उरत नाही, हे तिनं मला कितीदा समजावलं. ऐकताना पटायचं. पण माझा नेम असा, की हातून मुंगीही मरू नये. भाजीच्या वाफ्यातल्या गोगलगायी मी वाटीत गोळा करून ओढ्याकाठी सोडून येते. त्यामुळे ती कामाचं बोलायला लागली की मी भांडी घासायला उठायची. वर्षभर हेच चाललं. तिनं सांगायचं सोडून दिलं.

नवरात्रात रोज माळ ओवताना ते मनात टोचत राहिलं. नवमीला सकाळी मी म्हटलं, "इरा, तुझीही ठेव पूजेला."

तिनं वळून पाहिलं. "आर यू शुअर, आई?"

"ज्यावर पोट चालतं त्याची पूजा करायची. एवढंच."

"ओके. पण बोल्ट तिजोरीत राहील, त्याशिवाय ती उडत नाही. आणि मी इथेच थांबणार. लायसन माझं आहे, तुझं नाही."

"देवीचंही नाही," हे फोनमधून डोकं वर न काढता म्हणाले.

रायफलीवरची दुर्बीण नवी होती. आदल्या संध्याकाळी तिनं ती जेवणाच्या टेबलावर बसवली. दोन कड्यांमध्ये नळी धरायची, बारीक स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे. मग पडद्याच्या दांडीवरून वजन बांधलेला दोरा सोडला, आणि दुर्बिणीतली उभी रेघ त्या दोऱ्याला समांतर होईपर्यंत ती नळी केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत राहिली. पूजेच्या आधी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन गोळी कागदाच्या बरोबर मध्यावर लागते हेही बघून आली. दुसऱ्या दिवशी तिची टीम इथल्या कोरोमंडलच्या डोंगरांत जायला निघणार होती, आणि डोंगराची एक सोंड पहिल्यांदाच तिच्या एकटीवर सोपवली होती.

मी फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. हळदीची चिमूट जरा मोठी झाली. दुर्बिणीच्या वर आणि बाजूला दोन छोट्या चकत्या असतात. त्यांची झाकणं रेंजवर काढलेली, ती अजून इरावतीच्या खिशातच होती. हळद चकत्यांच्या खाचांत गेली. नव्या वस्तूला डाग पडेल म्हणून मी पदराच्या टोकानं दोन्ही पुसल्या. बोटाखाली टिकटिक झालं. इरावती दारात उभी राहून टीमशी फोनवर बोलत होती. आरती झाली, तिनं झाकणं लावली, रायफल तिजोरीत गेली.

जेवताना मला सहज आठवलं. "त्या वरच्या चकत्या कशाला असतात गं?"

तिनं पुरणपोळीचा घास खाली ठेवला. चेहरा असा उजळला, की मलाच लाज वाटली. कामाबद्दलचा हा माझा पहिला प्रश्न होता. "त्यानं नेम सेट करतात. एक टिक फिरवली की शंभर मीटरवर गोळी पाऊण सेंटिमीटर सरकते."

"आणि पुष्कळ टिक झाल्या तर?"

"तर मी छातीवर धरणार आणि लागणार पोटात. मग ती बकरी झुडपात घुसते, सापडत नाही. कधी दोन दोन दिवस तशीच पडून राहते." तिनं तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली. "आमच्यात रूल आहे. वन शॉट, नाहीतर मारायचंच नाही. आई, यू आर ॲक्च्युअली इंटरेस्टेड."

"बाईसाहेब पुढच्या महिन्यात लायसन काढणार," हे म्हणाले.

मी ताट बाजूला सारलं. उठून तुळशीला पाणी घातलं. सकाळी घातलं होतंच. आत आले, ओटा पुसला, परत बाहेर गेले. सांगितलं तर ती काय समजेल? वर्षभर जिनं तोंड फिरवलं, ती एक दिवस गोड बोलून रायफल देवीपुढे मागते आणि नेमकी दुर्बीण बिघडवून ठेवते. कोणती मुलगी विश्वास ठेवेल? नाही सांगितलं, तर झुडपात कण्हणारं ते जनावर माझ्या पदरी. आणि टिकटिक ऐकूनही माझं बोट थांबलं का नव्हतं? डागाचीच काळजी होती ना मला?

"काय घिरट्या घालतेस?" ह्यांनी विचारलं. "बस की जरा."

इरावती पॅसेजमध्ये बॅग भरत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"इरा, त्या चकत्या मी पुसल्या."

"पुसल्या म्हणजे?"

"हळद पडली होती. टिकटिक झालं."

तिचा हात थांबला. "किती?"

"नाही मोजलं."

"कुठल्या बाजूला?"

"जसं पुसतात तसं. पुढे-मागे. आकड्यांवरून नाही का कळत?"

"नेम बसल्यावर आकडे शून्यावर आणायचे राहिले होते. आता नाही कळणार." तिनं बॅगेची चेन उगाचच लावली, परत उघडली. "हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तेव्हा कळलंच नव्हतं. जेवताना कळलं."

"जेवण होऊन तास झाला."

मी पदराचं पिवळं झालेलं टोक मुठीत धरलं.

"मुद्दाम केलंस?" हे तिनं मराठीत विचारलं. तिचे अवघड प्रश्न मराठीतच येतात.

"नाही," मी म्हटलं. पण तेवढ्यानं भागेना. देवीपुढे दिवा तेवत होता. "नाही असंच मला वाटतं, इरा. याहून खात्रीनं मला सांगता येत नाही."

तिला खोटं चाललं असतं का, कोण जाणे.

"रेंज पाचला बंद होते ना?" हे आतून म्हणाले. "मग गाडीत भांडा."

"चल," ती म्हणाली. "तू पण."

रेंजच्या फाटकाशी तिथल्या म्हाताऱ्या अधिकाऱ्यानं माझ्या पायांकडे पाहिलं आणि मान हलवली. बुटांशिवाय आत सोडत नाहीत. नवरात्राचे नऊ दिवस मी अनवाणी असते, हे त्याला काय सांगणार?

"तू गाडीत बस, आई. इट्स फाइन."

मी डिकीतले तिचे गमबूट काढले आणि पाय घातले. तिनं पाहिलं.

कानांवर जाड मफ असूनही पहिल्या आवाजानं माझं सगळं अंग दचकलं. तिनं तिपाईवरची मोठी दुर्बीण माझ्याकडे वळवली. कागदावरचं भोक मध्यापासून वीतभर खाली, उजवीकडे. दुसरी गोळीही जवळजवळ त्याच भोकात.

"बघितलंस?"

"बघितलं."

तिनं झाकणं काढली. ओठ हलवत, टिक मोजत चकत्या फिरवल्या, गोळी मारली, पुन्हा फिरवल्या. पाच वाजत आले होते आणि अधिकारी घड्याळाकडे बघत होता. मी डोळा लावून बसले होते. नवं भोक पडलं, ते नेमकं मध्यात. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते कशानं उतरलं हे लक्षात येताच पुन्हा चढलं.

"झालं," ती म्हणाली. बोल्ट काढायला हात नेला. "घरी जाऊ या?"

"एक अजून मार," मी म्हटलं. "चुकून लागली असेल. खात्री होऊ दे."

तिनं मफ एका कानावरून सरकवून माझ्याकडे पाहिलं. मग तो नीट बसवला, आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.