मुद्दाम चुकायची परीक्षा

दर हंगामाआधी मिसिसिपीतल्या त्या कॉलेजात अमेरिकी फुटबॉलच्या प्रत्येक खेळाडूची स्मरणशक्ती तपासत. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. गुण आधीपेक्षा घसरले तर पोरगा बाकावर, आणि बाकावरच्याला कुत्रंही विचारत नाही. म्हणून सगळे बेरकी पहिल्याच वेळी मुद्दाम चुकत. लांबचे पास झेलणारा टेव्हिन त्यात पटाईत. गेल्या वर्षी त्याने निम्मी उत्तरं मुद्दाम चुकवली, म्हणून शुद्ध हरपेपर्यंत आपटूनही पुढच्या शनिवारी तो मैदानात हजर होता.

यंदा त्याचं शेवटचं वर्ष. व्यावसायिक संघांची माणसं त्याला बघायला येणार होती. परीक्षा देऊन तो बाहेर आला, तर त्याला पास फेकणारा कोल्टन दारातच उभा.

"काय लेका, नीट माती खाल्लीस ना?"

टेव्हिनने कपाळावर हात मारला. "च्यायला, विसरलोच रे! जीव लावून सगळं खरंखरं सोडवलं."

"मेलास! आता जरा कुठे आपटलास की बसवतील."

तेवढ्यात संघाचे डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी टेव्हिनच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! अगदी गेल्या वर्षीइतकेच गुण."

"सुटलास की रे!" कोल्टन खदाखदा हसला.

टेव्हिन भिंत धरून उभा राहिला.