शिकवलेली माया

खुंटीवरच्या दप्तराच्या पट्ट्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. गुलाबी दप्तर, त्यावर मोठ्या डोळ्यांची परी, आणि बंदाला लोंबणारी दुकानाची चिठ्ठी... ती तरी काढायची होती, सौदामिनीला वाटलं, इतकं नाटक केलंच आहे तर. खाली फळीवर नवा टूथब्रश, नवा कंगवा, भिंतीवर पाढ्यांचा तक्ता. चार महिन्यांपूर्वी आठ वर्षांची पुनम या घरातून उठून उदगीरच्या स्टेशनावर जाऊन बसली होती, बिदरला मामाकडे जाते म्हणून, आणि पोलिसांनी तिला तिथून तात्पुरतं लातूरच्या बालगृहात ठेवलं होतं. तेव्हा यातलं काय होतं इथे?

आणि यांना तरी काय बोलायचं. अचानक भेट म्हणायची आणि घर सापडावं म्हणून आदल्या दिवशी अंगणवाडीच्या ताईला फोन करायचा, ही ऑफिसची पद्धत. ताई फोन ठेवते ती तडक त्या घरी जाते. मग रात्रीतून शेणसडा होतो, दप्तर येतं, उत्तरं पाठ होतात. नऊ वर्षं सौदामिनी बालकल्याण समितीसाठी गृहचौकशी करत अशी सजवलेली घरं बघत आली होती—चाकूरला, रेणापूरला, कुठे कुठे—आणि नऊ वर्षांत तिला एकाही घराची कीव आली नव्हती, फक्त ओठांचा कोपरा तेवढा वाकडा व्हायचा, आणि तो तिने सरळ करायचाही सोडून दिला होता.

"काळजाचा तुकडा हाय माझा, मॅडम," पुनमचा बाप रामलिंग म्हणाला. डोळ्यांत पाणीही आणलं होतं त्याने.

"कितवीला होती?"

तो तक्त्याकडे बघू लागला, जणू तिथे लिहिलं असेल. "दुसरी... न्हाई, तिसरीला."

काळजाचा तुकडा. लिहून घ्या. मागच्या वर्षी नांदेडला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, कुटुंबकेंद्री कामाचं, तिथे पुण्याहून आलेल्या एक बाई सुती साडीत उभ्या राहून सांगत होत्या की कुटुंबाच्या उणिवा शोधू नका, बलस्थानं शोधा, प्रत्येक कुटुंब आपल्या प्रश्नाचं तज्ज्ञ असतं... उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. त्यानंतर गृहचौकशीच्या अर्जात एक नवा रकाना आला, 'कुटुंबाची बलस्थाने', खाली चार ओळी कोऱ्या. सौदामिनी दर वेळी त्यात लिहायची, 'कुटुंब सहकार्य करते.' कुणी कधी विचारलं नाही, कशात.

मला प्रशिक्षणाची गरज नव्हती, तिच्या मनात आलं. मी हे शास्त्र लातूरला विशाखाकाकूच्या घरी शिकले. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. "आमच्या मंजुश्रीत आणि हिच्यात मी कधी फरक केला नाही हो," काकू आल्यागेल्याला सांगायची, आणि सांगताना तिचा हात माझ्या पाठीवरून फिरत असायचा. पाहुणे उंबऱ्याबाहेर पडले की तो हात उठायचा. मारलं नाही तिने कधी, उपाशी ठेवलं नाही. फक्त तो हात उठायचा, आणि तो नेमका कधी उठणार ते मला आधीच कळायचं. मग मी सगळ्या जगाचे हात बघायला शिकले. त्यावरच माझं पोट चाललंय.

नवऱ्याला बाहेर पाठवून बायकोशी एकटीने बोलायचं, हाही नियमच. शरणम्मा, रामलिंगची दुसरी बायको, एका अंगाने भिंतीला टेकून डाळ निवडत होती. तिने चहा विचारला नव्हता. हे मात्र सौदामिनीच्या उशिरा लक्षात आलं. चौकशीच्या घरी पाणीसुद्धा घ्यायचं नाही म्हणून ती दर वेळी चहा नाकारायची, आणि नाकारताना थोडं सुखही घ्यायची.

"पुनमला घरी आणायचंय का तुम्हाला?" तिने अर्जावरची नजर न उचलताच विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, पेन अक्षर गिरवायला टेकलंही होतं.

"न्हाई."

शरणम्माने एक खडा उचलून दाराबाहेर टाकला.

"म्हणजे?"

"म्हंजे मला काय ती पायजे असं न्हाई. तुमी इचारलाव म्हणून सांगायलेय. मालकाला पायजे हाय, तिलाबी यायचं हाय म्हणत्यात. येऊ द्या. घर तिचंच हाय, मी मागून आलेय."

"मारत होतात तिला?"

"हात न्हाई लावला कधी. बोललेच न्हाई मी. आठ दिस. ती अंथरूण ओलं करायची, मी गोधडी धुवायची, वाळत घालायची, पर बोलायची न्हाई. ती बघत बसायची माझ्या तोंडाकडं. नवव्या दिशी गेली."

"का नाही बोललात?"

"किळस यायची मला. माझ्या पोटचं असतं तर आली नसती, त्येबी ठावं हाय." तिने आणखी एक खडा टाकला. "किळस आताबी यील. धुईन. बोलीनबी, बोलावं लागतंय त्ये कळलंय मला. वांगं खात न्हाई ती, तिचं येगळं काढून ठिवीन. माया यील का न्हाई, त्ये कसं सांगू? त्ये काय लिहून देता येतंय का?"

सौदामिनीचं पेन हलेना. नऊ वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. वांगं खात नाही हे बापाला माहीत नव्हतं. पोरगी कितवीत आहे हेच जिथे माहीत नाही तिथे वांगं कुठलं. आणि हे असं शब्दाला शब्द लिहिलं तर समिती काय करणार हे तिला पाठ होतं. सावत्र आईची अनिच्छा. लातूरचं बालगृह भरलंय, म्हणजे उद्या अकराच्या बैठकीत कागद होणार आणि पुनम आठवड्याभरात नांदेडच्या बालगृहात, अठराची होईपर्यंत. गेल्या आठवड्यात तिने पुनमला विचारलं होतं, कुठे जायचंय. घरी. का गं? "तिथं माझी झोपायची जागा हाय," ती म्हणाली होती, बस एवढंच.

"हे बघा," सौदामिनी म्हणाली, आणि नकळत पुढे सरकून तिने शरणम्माच्या पाठीवर हात ठेवला, "उद्या समितीपुढे असं बोलायचं नाही. तिथं म्हणायचं, पुनम माझीच लेक आहे. मी कधी फरक करणार नाही. समजलं ना?"

तोच सूर होता. तोच गोड, पाहुण्यांसाठीचा सूर, माझ्या तोंडातून. तिने हात उचलला, आणि उचलतानाही तो कसा उचलला जातोय हे तिला दिसलं.

शरणम्मा तिच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, नवल वाटल्यासारखी.

"अंगणवाडीच्या ताईनंबी ह्येच पाठ करून घेतलं, चार डाव. तुमीबी त्येच शिकवायलाव? मग बघायला कशाला आलाव?"

डाळीतले खडे दाराबाहेर पडत राहिले. मग शरणम्माच म्हणाली, "तोंडात बसत न्हाई त्ये. पर तुमी म्हणायलाव तर म्हणीन उद्या."

एसटीत खिडकीशी बसून सौदामिनीने अर्ज मांडीवर घेतला. बलस्थाने. 'सावत्र आई गोधडी धुते,' तिने लिहिलं. मग लिहिलं, 'किळस येते असे स्वतःहून सांगते.' वाचलं. हसतील. समितीतले ते तिघे हसतील, आणि नांदेडचा कागद करतील. तिने दुसरी ओळ खोडली. गाडी खड्ड्यात आदळली, खोडलेल्यावर आणखी एक फराटा उमटला, आणि तिला कुणाचा तरी मनापासून तिटकारा करावासा वाटला, सवयीने—त्या रडक्या बापाचा, पुण्याच्या बाईंचा, समितीचा—पण तो येईना. नऊ वर्षं तोच तर हाताशी होता. त्याच्याशिवाय काय खरं नि काय बरं ते तिला ठरवता येईना.

काकूने मला एकदा जरी म्हटलं असतं... 'तू मला नको होतीस, पण ये, जेव'... तर मी जेवले असते. पोटभर जेवले असते.

उद्या शरणम्मा खोटं बोलली तर पुनम घरी जाईल. बोलेल ती, चांगली धुतलेली साडी नेसून, माझ्याकडे एकदा बघून, अडखळत. तिघेही माना डोलावतील. आणि बाकावर बसलेली पुनम, जिने आठ दिवस त्याच एका तोंडाकडे बघितलंय, ती वर बघेल. ते वाक्य खोटं आहे हे त्या खोलीत तिला लगेच कळेल, आणि मला कळेल की तिला कळलंय.

सौदामिनीने पेन मिटलं नाही, खालच्या दोन ओळी अजून कोऱ्या होत्या. तिला भीती वाटत होती, सात वर्षांची असताना वाटायची तशी.